दूरचित्रवाणी-प्रक्षेपणातील उमेदवारी : शिक्षणाचा क्रम आणि स्वयंचलन

निवडणुकीच्या संदर्भात ‘उमेदवार’ हा शब्द आज सर्वतोमुखी झाला असला, तरी मराठीत त्याचा जुना अर्थ निराळा आहे. धंदा शिकावा, पुढेमागे त्यात कायमची जागा मिळावी या उमेदीने अल्प वेतनावर, क्वचित् बिनपगारीही, कचेरीत किंवा कारखान्यात राबणारा तरुण तो उमेदवार. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने या जुन्या संस्थेला कायद्याचे रूप दिले. त्या अधिनियमाचा रोख प्रारंभी कारखान्यांतील कारागिरीच्या व्यवसायांवर होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक यांनाही त्याच्या कक्षेत घेण्यात आले. यंत्रशास्त्राचे पुस्तकी ज्ञान पदरी असलेल्या माणसालाही काही काळ उमेदवारी करावी लागते, हे कायद्याने अशा रीतीने मान्य केले. असे का व्हावे, पदवीने जे मिळत नाही ते नेमके काय, या प्रश्नाचा विचार करण्यास दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणकार्याइतके सोयीचे क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथम क्षेत्राची मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. दूरचित्रवाणीचा विचार करताना सामान्यतः डोळ्यांसमोर येतात ते कलावंत, लेखक, निर्माते आणि छायाचित्रकार. हे सर्व निर्मितीचे अंग होय. तयार झालेले किंवा घडत असलेले कार्यक्रम ठरल्या क्रमाने, ठरल्या क्षणी आणि योग्य गुणवत्तेने प्रक्षेपकापर्यंत पोहोचविणे हे दुसरे अंग. त्याचे केंद्र म्हणजे मुख्य नियंत्रण कक्ष, व्यवसायातील लोकांच्या तोंडी ‘मास्टर कंट्रोल’ किंवा नुसते ‘एम्‌सीआर’. तेथील माणसाचे काम चांगले झाले म्हणजे ते कोणालाच दिसत नाही. ते दिसते केवळ चुकल्यावर, आणि चुकले की एकाच क्षणी सर्व प्रेक्षकांना दिसते. मुद्रिताला शुद्धिपत्र जोडता येते, चित्रपटाची फीत पुन्हा कापता येते. प्रक्षेपित झालेला क्षण मात्र परत घेता येत नाही. या एका गोष्टीतून येथील शिक्षणाचे सारे वैशिष्ट्य उद्‌भवते.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रयोगादाखल झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील पुनःप्रक्षेपणामुळे ते पुण्याच्या टापूत दिसू लागले. १ एप्रिल १९७६ पर्यंत दूरचित्रवाणी आकाशवाणीचाच एक विभाग होती. साहजिकच पहिल्या पिढीचे अभियंते आकाशवाणीतून आले. ध्वनीच्या प्रक्षेपणात मुरलेल्या या मंडळींना वेळेची शिस्त शिकवावी लागली नाही. शिकावे लागले ते चित्र. औपचारिक शिक्षणाची सोयही होती. दूरचित्रवाणीचा प्रशिक्षण विभाग १९७४ मध्ये दिल्लीहून पुण्याच्या चित्रपट संस्थेत हलविण्यात आला. निर्मितीच्या अंगाने पाहता पु. ल. देशपांडे यांना बीबीसीकडे शिक्षणासाठी धाडण्यात आले होते, हे मराठी वाचकास ठाऊकच आहे. परंतु संस्थेतील शिक्षण आणि कक्षातील शिक्षण यांत एक अंतर होते, व ते आजही आहे. संस्थेत चूक केली तर गुण कमी होतात. कक्षात चूक केली तर पडदा काळा होतो.

तेव्हा नवख्याच्या हाती काम द्यावे तरी कसे? जुन्या केंद्रांनी याचे उत्तर कोणताही सिद्धान्त न वाचता शोधले होते. उमेदवाराला प्रथम मिळते ती नोंदवही. कोणता कार्यक्रम किती वाजून किती मिनिटे किती सेकंदांनी सुरू झाला, केव्हा संपला, मध्ये चित्र गेले काय, गेले असल्यास किती सेकंद, हे त्याने लिहावयाचे. नंतर त्याला दृश्यफलकांसमोर बसवून चित्राची व ध्वनीची पातळी पारखण्यास सांगतात. पुढे फिती तपासणे आणि यंत्रावर चढविणे. त्यानंतर ज्येष्ठाच्या आज्ञेवरून यंत्र सुरू करणे. त्याही नंतर, बहुधा पहाटे किंवा रात्री उशिरा, प्रेक्षक थोडे असताना, एका कार्यक्रमावरून दुसऱ्यावर जाण्याची कळ स्वतः दाबणे. आणि सर्वांत शेवटी काय दाखवावे व काय गाळावे याचा निर्णय.

हा क्रम कामाच्या क्रमाच्या नेमका उलट आहे. कामात निर्णय आधी, कळ नंतर व नोंद शेवटी. शिक्षणात नोंद आधी व निर्णय शेवटी. जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लायबेरियातील वाई व गोला शिंप्यांचे उदाहरण घेतले आहे. तेथील उमेदवार गुंड्या लावणे, दुमडी घालणे अशा शेवटच्या कामांपासून आरंभ करतो, मग शिवण शिकतो आणि कापड बेतण्याची कात्री त्याच्या हाती सर्वांत शेवटी येते. गुंडी वाकडी लागली तर उसविता येते, कापड चुकीचे कापले तर ते वाया जाते. म्हणजे क्रम ठरविणारे तत्त्व कामाची अवघडता नव्हे, चुकीची किंमत होय. शिवाय शेवटाकडून आरंभ करणाऱ्याला पूर्ण वस्त्र कसे दिसते हे पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर असते. नोंदवही लिहिणारा उमेदवारही पहिल्या दिवसापासून संपूर्ण प्रक्षेपण पाहतो. या अवस्थेला त्या ग्रंथकारांनी परिघावरचा रास्त सहभाग अशा अर्थाची संज्ञा दिली आहे. आपल्याकडे तिच्यासाठी नवे नाव शोधण्याची गरज नाही. मैफलीत गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसलेला आणि मधूनच आवाज देणारा शिष्य सर्वांच्या परिचयाचा आहे.

नोंदीनंतरचा धडा वेळेच्या गणिताचा, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. समजा, बातम्या सायंकाळी बरोबर ७.३० वाजता सुरू झाल्या पाहिजेत. त्यांच्या आधी २२ मिनिटे ४० सेकंदांचा अनुबोधपट, मग ३५ सेकंदांची निवेदने व दीड मिनिटांच्या जाहिराती आहेत. एकूण २४ मिनिटे ४५ सेकंद. म्हणजे अनुबोधपट ७ वाजून ५ मिनिटे १५ सेकंदांनी सुरू व्हावयास हवा. वेळ पुढे मोजण्याची सवय प्रत्येकाला असते. येथे ती शेवटाकडून मागे मोजावी लागते. आता त्यापूर्वीचा प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा कार्यक्रम लांबला आणि ७ वाजून ६ मिनिटांनी संपला. ४५ सेकंदांची तूट आली. निवेदने गाळली तरी १० सेकंद उरतात. जाहिरातींचे पैसे घेतलेले असल्यामुळे त्यांना हात लावता येत नाही. अनुबोधपटाची अखेरची नामावली आधीच आवरती घ्यावी, की बातम्या १० सेकंद उशिरा सुरू कराव्यात? बातम्या अन्य केंद्रांनाही पुरविल्या जात असतील तर दुसरा मार्ग बंदच. गणित कोणीही करील. त्या दहा सेकंदांवर कोणाचा हक्क आधी, हे गणितात नसते. ज्येष्ठाने तीन-चार वेळा तसा निर्णय घेतलेला पाहिल्यावाचून ते कळत नाही, आणि ज्येष्ठाला त्याचे कारण विचारले तर तो बहुधा नीट सांगूही शकत नाही. मायकेल पोलान्यी याने १९५८ व १९६६ मधील ग्रंथांत ज्या अनुक्त ज्ञानाचे विवेचन केले, त्याचा हा साधा नमुना आहे. (भारतात सेकंदाला बरोबर २५ चित्रचौकटी असतात, त्यामुळे येथील उमेदवार एका त्रासातून सुटतो. अमेरिकेत रंगीत पद्धतीमुळे ही संख्या २९.९७ झाली, तिचा घड्याळाशी मेळ राखण्यासाठी तेथे तासाला १०८ चौकटींचे क्रमांक वगळावे लागतात.)

जुन्या यंत्रांनी या शिक्षणाला एक वेगळीच धार आणली होती. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने आणलेले चित्रफीतयंत्र दोन इंच रुंदीच्या फितीवर चालत असे. चार चुंबकीय शीर्षे बसविलेली चकती फितीच्या आडव्या दिशेने फिरे. ६२५ रेषांच्या पद्धतीत तिचे मिनिटाला १५,००० फेरे होत. चकती व फीत यांचा वेग स्थिरावल्याखेरीज चित्र स्थिर होत नसे आणि त्यासाठी काही सेकंद जात. म्हणून फितीच्या आरंभी उलट मोजणारे घड्याळ मुद्रित केलेले असे, व यंत्र त्या घड्याळाच्या ठरलेल्या अंकावर थांबवून ठेवीत. याचा अर्थ असा की, ‘रोल’ ही आज्ञा चालू कार्यक्रम संपण्यापूर्वीच द्यावी लागे. निवेदिका अजून बोलत आहे, तिचे वाक्य संपण्यास सात-आठ सेकंद आहेत, आणि पुढचे यंत्र आताच सुरू झाले पाहिजे. आज्ञा लवकर दिली तर तिचे वाक्य तुटणार, उशिरा दिली तर पडद्यावर पोकळी येणार. डोळ्यांना दिसते त्याच्या काही सेकंद पुढे राहण्याची ही सवय व्याख्यानाने लागत नाही. संहिता समोर ठेवून, निवेदिकेच्या बोलण्याची गती ओळखून, शेकडो वेळा ‘रोल’ म्हणून ती लागते. आधुनिक साठवण-यंत्रावरील कार्यक्रम तत्काळ सुरू होतो. ती अडचण संपली आणि तिच्याबरोबर ती सवय लावणारा दैनंदिन अभ्यासही संपला.

कानाचे शिक्षण असेच. कक्षात बसलेल्याच्या कानी एकाच वेळी प्रक्षेपित होणारा ध्वनी, कलागृहातील निर्मात्याच्या आज्ञा वाहणारे ‘टॉकबॅक’, दूरध्वनी आणि शेजाऱ्याचे बोलणे येत असते. सगळे ऐकावयाचे, पण उत्तर एकालाच द्यावयाचे. नवखा माणूस नीट ऐकू यावे म्हणून एखादा आवाज बंद करू पाहतो. मुरलेला सर्व आवाज चालू ठेवतो, कारण त्याला शब्दांपेक्षा त्यांतील बदल ऐकू येतो. आज्ञांची भाषाही म्हणूनच तुटक व ठरीव असते. ‘स्टँडबाय’, ‘रोल’, ‘टेक’ हे शब्द मराठी कार्यक्रमांच्या केंद्रांतही जसेच्या तसे राहिले. त्यांना प्रतिशब्द घडविणे अशक्य मुळीच नाही. परंतु आज्ञेचा शब्द आखूड असावा लागतो, आणि एरवीच्या संभाषणात तो सहसा येऊ नये हेही पथ्य असते. परका शब्द येथे परकेपणामुळेच उपयोगी पडतो.

बिघाडाचा प्रसंग हा या उमेदवारीचा गाभा होय. अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेल्या तरुणाची स्वाभाविक प्रवृत्ती, चित्र गेले की कारण शोधण्याकडे असते. संदेश कोठे तुटला? तार, यंत्र की विद्युत्‌पुरवठा? कक्षातील शिस्त याच्या उलट आहे. आधी प्रेक्षकासमोर काहीतरी ठेवावयाचे, मग कारण शोधावयाचे. राखीव साखळीवर जा. ती नसेल तर ध्वनी तरी चालू ठेवा. तेही जमत नसेल तर ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटी लावा. एका पिढीने थट्टेचा विषय केलेल्या त्या पाटीमागे हे तत्त्व होते: काळ्या पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाला बिघाड आपल्या संचात आहे की केंद्रात, हे कळत नाही, पाटी दिसली की निदान तेवढे कळते. विश्लेषण करण्याचे शिक्षण चार वर्षे घेतलेल्या बुद्धीला विश्लेषण तहकूब करावयास शिकविणे, असे या धड्याचे स्वरूप आहे. तो अवघड असतो तो हुशार मुलांनाच.

तथापि सर्व बिघाड यंत्राचे नसतात. १७ नोव्हेंबर १९६८ रोजी अमेरिकेत एनबीसीवर न्यूयॉर्क जेट्स व ओकलंड रेडर्स यांच्यातील फुटबॉलचा सामना दाखविला जात होता. पूर्व किनाऱ्यावरील सायंकाळी सात वाजता ‘हायडी’ हा बालचित्रपट लावावयाचा, अशी लेखी आज्ञा होती. सामना लांबला. वरिष्ठांनी आयत्या वेळी तो पूर्ण दाखविण्याचे ठरविले. परंतु पुढे काय होणार हे विचारणाऱ्या प्रेक्षकांच्या दूरध्वनींनी कंपनीच्या तारा इतक्या गजबजल्या होत्या की, तो निर्णय नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचलाच नाही. कक्षाने सात वाजता चित्रपट लावला. तेव्हा जेट्स ३२–२९ असे आघाडीवर होते व सुमारे एक मिनिटाचा खेळ उरला होता. त्या मिनिटात ओकलंडने सामना ४३–३२ असा जिंकला आणि पूर्वेकडील प्रेक्षकांनी ते पाहिले नाही. कक्षातील माणसाने काय चूक केली? त्याच्याजवळ असलेल्या आज्ञेप्रमाणे तो वागला. आपल्या मनाला वाटले म्हणून प्रत्येकाने लेखी क्रम मोडावयाचा ठरविले तर प्रक्षेपण चालणार नाही. नंतर कंपनीने केलेला उपाय उद्बोधक आहे: माणूस बदलून प्रश्न सुटणार नव्हता, म्हणून कक्षासाठी निराळ्या दूरध्वनिकेंद्राशी जोडलेला स्वतंत्र दूरध्वनी बसविण्यात आला. उमेदवाराच्या दृष्टीने या प्रसंगाचे महत्त्व असे की, नियमाने वागूनही परिणाम वाईट होऊ शकतो, आणि अशा वेळी दोष आज्ञेच्या वाटेत शोधावा लागतो, हे त्याला अधिकार हाती येण्यापूर्वीच समजते.

येथवर वर्णिलेले शिक्षण ज्या कामाच्या आधारे चाले, ते काम गेल्या तीन-चार दशकांत फार बदलले. फितींची जागा संगणकीय साठ्याने घेतली. दिवसाचा क्रम आधीच यादीरूपाने भरला जातो, वेळेची मागून मोजणी यंत्र करते, कळही यंत्रच दाबते. नोंदवही आपोआप लिहिली जाते. पूर्वी एका वाहिनीसाठी एका पाळीत अनेक माणसे लागत. आता एकच माणूस अनेक वाहिन्यांवर देखरेख ठेवू शकतो. किरकोळ चुका घटल्या, खर्च घटला, आणि या लाभाबद्दल खंत करण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. उमेदवाराच्या पायऱ्या ज्या बारीकसारीक कामांच्या होत्या, नेमकी तीच कामे यंत्राने घेतली. माणसाकडे उरला तो फक्त शेवटचा निर्णय, तोही क्वचित् आणि संकटकाळीच घ्यावयाचा. खालच्या पायऱ्या काढून घेतलेली शिडी असे या स्थितीचे वर्णन करता येईल.

लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ मध्ये स्वयंचलनातील विसंगतींवर लिहिलेल्या छोट्या निबंधात हाच विचार कारखान्यांच्या संदर्भात मांडला होता. रचनाकाराला जे काम स्वयंचलित करता आले नाही तेवढे माणसासाठी उरते. ते सर्वांत कठीण असते. आणि ते पार पाडण्यास लागणारे कौशल्य सरावाअभावी क्षीण होत जाते. तिचे विशेष मार्मिक निरीक्षण असे की, स्वयंचलित यंत्रणेवर देखरेख करणारी पहिली पिढी हाताने काम करून शिकलेली असते, त्यामुळे प्रारंभी सर्व सुरळीत भासते. नंतरच्या पिढीकडे ती पुंजी असणार नाही. लेव्ह व वेंगर यांच्या ग्रंथातील दुसरे एक उदाहरण याला पूरक आहे. अमेरिकेतील मोठ्या दुकानांतील खाटीककामाच्या उमेदवारांना मांस गुंडाळण्याच्या टेबलाशी अशा ठिकाणी उभे केले जाई की, कसबी कारागीर मांस कसे कापतात ते त्यांना दिसतच नसे. उमेदवारी कागदोपत्री पुरी होई, शिक्षण मात्र होत नसे. स्वयंचलित कक्षात भिंत नसते. पण निर्णय यादीत आणि यंत्राच्या आज्ञावलीत दडलेला असल्यामुळे तो शेजारी बसूनही दिसत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. २५ सप्टेंबर २०२१ रोजी सायंकाळी पश्चिम लंडनमधील एका प्रक्षेपणकेंद्रात आग विझविण्याची वायुयंत्रणा कार्यान्वित झाली. वायू सुटताना उत्पन्न झालेल्या ध्वनिलहरींनी साठवण-यंत्रांना इजा पोहोचली. अनेक वाहिन्यांना एकाच इमारतीचा आधार होता. चॅनेल फोर या वाहिनीला राखीव व्यवस्थेवर जावे लागले आणि तिच्या कार्यक्रमांवरील लिखित संवाद, सांकेतिक भाषेतील रूपांतर व अंधांसाठीचे ध्वनिवर्णन कित्येक आठवडे नीट मिळू शकले नाही. चित्र तुलनेने लवकर परतले. बहिऱ्या प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र प्रक्षेपण बंदच राहिले. प्रक्षेपण ‘चालू’ आहे म्हणजे कोणासाठी चालू आहे, हा प्रश्न यंत्राच्या नोंदीत उमटत नाही.

यावर योजण्यात येणारे उपाय दोन प्रकारचे आहेत. एक, प्रतिछायेचे फलक: खऱ्या प्रक्षेपणाचीच यादी समांतर यंत्रावर चालवून उमेदवाराने ती हाताळावयाची, बिघाड मुद्दाम घडवून आणावयाचे, बाहेर मात्र काहीच जाऊ द्यावयाचे नाही. वैमानिकांच्या शिक्षणात ही पद्धत फार पूर्वीपासून रुळली आहे व येथेही ती उपयुक्त ठरते. परंतु बाहेर काही जात नाही हे उमेदवाराला ठाऊक असते, आणि हाताचा कंप ज्यामुळे येतो व हळूहळू जातो ती गोष्टच तेथे नसते. दुसरा उपाय अधिक खर्चाचा, अधिक गैरसोयीचा, पण जुन्या पद्धतीला जवळचा: ठरावीक पाळ्यांत स्वयंचलन थांबवून ज्येष्ठाच्या देखरेखीखाली हाताने प्रक्षेपण करणे, राखीव साखळीवर जाण्याचा सराव बिघाड नसतानाच करणे. क्रीडासामने, निवडणुकीचे निकाल, एखाद्या थोर व्यक्तीच्या निधनाने आयत्या वेळी बदललेला क्रम, अशा प्रसंगी यादीचा उपयोग सरतो आणि हाताने काम करावेच लागते. म्हणून उमेदवाराला अशा पाळ्यांवर आवर्जून बसवावे, निवांत पाळ्यांवर नव्हे. प्रत्यक्षात बहुधा याच्या उलट घडते, कारण गर्दीच्या पाळीत नवख्याकडे लक्ष देण्यास कोणाला सवड नसते.

नोंदवहीचा प्रश्नही येथेच येतो. यंत्राने लिहिलेली नोंद चौकटीपर्यंत अचूक असते: अमुक कार्यक्रम अमुक क्षणी सुरू झाला, अमुक क्षणी तोडला गेला. तो का तोडला, त्या वेळी दुसरा कोणता पर्याय समोर होता, कोणाशी बोलणे झाले, हे तीत नसते. जुन्या वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात, वाकड्यातिकड्या अक्षरात का होईना, ते असे. आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर आलेला उमेदवार यंत्राला हात लावण्यापूर्वी आदल्या रात्रीचे शेरे वाचीत असे.